पावसाळी ट्रेकसाठी मिररलेस घेऊ की खिशात मावणारा कॉम्पॅक्ट?

रानजाई
नमस्कार मंडळी, कॅमेऱ्याबद्दल सल्ला हवाय. आत्तापर्यंत सगळं मोबाईलवरच चाललंय, पण फोटो मोठा करून बघितला की गवताचा नुसता हिरवा लगदा दिसतो आणि झूम केलं की विषयच संपला. मला घरी भिंतीवर लावायला दोन-तीन मोठ्या प्रिंट काढायच्यात, निदान ए३ साइजच्या.

मी मुख्यतः ट्रेक करते, राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड वगैरे, आणि पावसाळ्यात जास्त. सप्टेंबरात कास ठरलेलं असतं. यंदा माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालायचं मनात आहे. बजेट साधारण ७० हजार, सेकंड हँड चालेल. ऑफिसमधले सगळे म्हणतात मिररलेसच घे (लेन्स बदलता येणारा), सोनीचा ए६४०० नाहीतर झेडव्ही-ई१०, किट लेन्ससकट (बरोबर मिळणारी साधी लेन्स). मला मात्र सॅकच्या कमरपट्ट्याच्या कप्प्यात बसेल असा हवाय, सोनी आरएक्स१०० किंवा कॅनन जी७एक्स असलं काहीतरी. लहान घेतला तर क्वालिटीत फार फरक पडेल का? दोन-तीन लेन्स घेऊन फिरणं मला जमेलसं वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सह्यभटक्या
ताई, तुमचं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, उत्तर त्याच्यावरच अवलंबून आहे. ऑफिसातले लोक सेन्सर (प्रकाश टिपणारी आतली चिप) बघून सांगतायत आणि सेन्सरपुरतं त्यांचं बरोबरच आहे, ए६४०० चा एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिमी आणि आरएक्स१०० किंवा जी७एक्समधला एक इंची म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिमी, म्हणजे क्षेत्रफळात तिपटीहून जास्त फरक. पण सेन्सरवर प्रकाश किती पोचणार ते लेन्स ठरवते. किटमधली १६-५० मिमी (मिमीचा आकडा लहान तितकं रुंद दृश्य, मोठा तितकं झूम) ही एफ ३.५ ते ५.६ आहे, एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त. आरएक्स१०० मार्क ३ (म्हणजे त्या मालिकेतला तिसरा, २०१४ चा आहे, सेकंड हँड मिळतो) त्याची लेन्स २४-७० च्या रेंजला एफ १.८ ते २.८. एफ ३.५ आणि एफ १.८ मध्ये जवळजवळ चौपट प्रकाशाचा फरक पडतो. म्हणजे सेन्सर तिप्पट मोठा पण लेन्स चौपट कमी प्रकाश देणारी, हिशोब साधारण बरोबरीत सुटतो, उलट अंधारात छोटा किंचित पुढेच राहतो.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की ज्याला किट लेन्सवरच राहायचंय त्याने संध्याकाळच्या, गुहेतल्या, धुक्यातल्या फोटोंसाठी मिररलेसचं वजन वागवू नये. मिररलेसची खरी ताकद लेन्स बदलली की दिसते. सिग्माची ३० मिमी एफ १.४ लावा आणि मग कॉम्पॅक्टला ते गाठता येत नाही. पण तुम्ही म्हणताय लेन्स घेऊन फिरणार नाही, मग प्रश्न बराचसा सुटला.

एक बाजू मिररलेसची सांगायलाच हवी. भरपूर उजेड असेल, दोन्ही कॅमेरे सगळ्यात कमी आयएसओवर (प्रकाशाची संवेदनशीलता) असतील, तेव्हा मोठा सेन्सर पुढेच राहतो. पांढरेशुभ्र ढग आणि खाली काळाकभिन्न कडा एकाच फोटोत हवा असेल तर ए६४०० च्या रॉ फाइलमधून (सेन्सरने टिपलेली माहिती प्रक्रिया न करता ठेवलेली फाइल) सावलीतला तपशील जास्त स्वच्छ निघतो. तुम्ही रॉमध्ये काढून नंतर कॉम्प्युटरवर बसणार असाल तर हा फरक दिसेल, जेपेग काढून तशीच ठेवणार असाल तर फार नाही. आणि ए३ साठी २० मेगापिक्सेल पुरेसे आहेत, ती काळजी सोडा.

केवडा
मोबाईलच वापरत रहा असं मी म्हणणार होतो पण झूम आणि प्रिंट दोन्ही हवं म्हटल्यावर नाही म्हणत. फक्त पावसाचं काय? वरच्यापैकी आरएक्स१००, जी७एक्स, झेडव्ही-ई१० कशालाच पावसापासून संरक्षण नाहीये. ए६४०० च्या बॉडीला थोडंफार आहे पण किट लेन्सला नाही, मग त्या बॉडीच्या सीलिंगचा उपयोग काय. जुलैत राजगडावर पाऊस खालून वर येतो हे ट्रेकरला सांगायला नको.

ऑलिम्पसचा टफ टीजी-६ बघितलात का? १५ मीटर पाण्याखाली चालतो, झूम आतल्या आत होतं, लेन्स बाहेर येतच नाही, त्यामुळे धूळ-पाणी आत जायला जागा नाही. पावसात उघडा गळ्यात अडकवून चालता येतं.

सह्यभटक्या
केवडा, पावसाचा मुद्दा एकदम मान्य. पण टीजी-६ चा सेन्सर एक इंचीच्या पावपट आहे, १२ मेगापिक्सेल, आणि यांना ए३ प्रिंट काढायचीय आणि गवताच्या लगद्याचीच तक्रार आहे. आजकालच्या चांगल्या फोनपेक्षा तो उजेड कमी असताना फार वेगळं काही देणार नाही.

कासला मात्र टीजी-६ कुणाला ऐकायचा नाही, हे कबूल. सीतेची आसवं, दवबिंदू ही फुलं नखाएवढी असतात आणि तो लेन्सपासून एक सेंटिमीटरवर फोकस करतो, वर लहान सेन्सरमुळे फुलाची पाकळी आणि मागचा देठ दोन्ही शार्प येतात. मोठ्या सेन्सरवर इतक्या जवळून काढायला गेलं की पाकळी शार्प आणि बाकी सगळं पुसट, मग एफ ११ वर जा, शटर मंदावतं, वाऱ्यात फूल हलतं. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढलेले फोटो, हा एकच प्रकार असा की जिथे लहान सेन्सर खरोखर मदत करतो.

माळकरी
वारीबद्दल सांगतो कारण त्यात फोटो काढणं मी बरीच वर्षं करतोय. दिवे घाटात मोठा कॅमेरा डोळ्याला लावला की समोरची मावशी पदर सावरते, कोणीतरी हात जोडून पोझ देतं, तरुण पोरं मध्ये येऊन उभी राहतात, आणि लहान कॅमेरा छातीशी धरून स्क्रीन तिरकी करून काढला तर लोक आपले अभंग म्हणत चालत राहतात. या बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये शटर लेन्सच्या आतच असतं त्यामुळे आवाज जवळजवळ नाही. कीर्तनाला बसल्यावर, रात्री तंबूत भजन चालू असताना ही गोष्ट फार मोलाची आहे, आपल्या फोटोसाठी कुणाच्या भक्तीत खटखट नको. आणि २४ मिमीची रुंदी दिंडीच्या आत चालताना लागतेच, बाहेर उभं राहून झूमने काढलेले वारीचे फोटो मला तरी परके वाटतात.

एक सांभाळा. धूळ. दिवे घाटात पाऊस नसेल तर माती उडते आणि बाहेर येणारी-आत जाणारी लेन्स हवेबरोबर ती धूळ आत ओढते. मिररलेसच्या सेन्सरवर धूळ बसली तर लेन्स काढून ब्लोअरने घालवता येते. कॉम्पॅक्टच्या आत गेली तर कॅमेरा उघडल्याशिवाय निघत नाही आणि मग आकाशात काळा ठिपका प्रत्येक फोटोत येतो. त्यामुळे दर फोटोनंतर चालू-बंद करू नका, पाच-दहा मिनिटांत परत लागणार असेल तर चालूच ठेवा. आणि दोन जादा बॅटऱ्या हव्यातच, या छोट्या कॅमेऱ्यांची बॅटरी साधारण अडीचशे-तीनशे फोटोंवर संपते, ए६४०० ची कागदोपत्री चारशेच्या आसपास जाते.

रानजाई
केवढं सविस्तर लिहिलंय सगळ्यांनी, मनापासून आभार. जेपेगच काढत होते, पण रॉ शिकायची तयारी आहे. माळकरी दादा, तुमचं वारीचं वाचून कॉम्पॅक्टकडे मन जास्त झुकलं. दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे धबधबे, ते दुधासारखं पाणी दिसतं तसं कॉम्पॅक्टवर येतं का? आणि मैत्रीण म्हणते हिवाळ्यात पक्षी बघायला भिगवणला चल, तिथे यातलं काय चालेल?

उजनीकाठ
भिगवणसाठी कॉम्पॅक्ट विसरा. कुंभारगावातून होडीने जायचं, नावाडी जवळ नेतात पण रोहित पक्ष्यांना उडवून लावायचं नाही म्हणून अंतर ठेवावंच लागतं, आणि ७० किंवा १०० मिमीला पक्षी म्हणजे पाण्यावर गुलाबी रेघ. आरएक्स१०० मार्क ७ चं झूम २०० पर्यंत जातं, तेही थव्यासाठी ठीक, एकट्या पक्ष्यासाठी नाही. मिररलेसवर सोनीची ७०-३५० लावली तर ५२५ मिमीइतका आवाका मिळतो आणि लेन्सचं वजन ६२५ ग्रॅमच आहे, शिवाय ए६४०० चा ऑटोफोकस उडत्या पक्ष्यावर टिकून राहतो. म्हणून माझं मत बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे, आज किट लेन्स असली तरी बॉडी घेऊन ठेवा, दोन वर्षांनी लेन्स घेता येईल. कॉम्पॅक्टला तो रस्ताच नाही, जे आहे ते आहे.

सह्यभटक्या
उजनीकाठ म्हणतायत ते पक्षी काढणाऱ्यासाठी शंभर टक्के खरं. पण ताईंनी आधी ट्रेक, कास आणि वारी सांगितलंय, भिगवण मैत्रिणीमुळे आलं. वर्षातून एकदा जायचं असेल तर एवढी लेन्स भाड्याने आणता येते, बॉडीसुद्धा मिळते, मुंबई-पुण्यात भाड्याने देणारे बरेच आहेत. पक्ष्यांचं वेड लागलंच तर तेव्हा मिररलेस घ्या, कॉम्पॅक्ट तेव्हाही कमरपट्ट्यात राहीलच.

धबधब्याचं उत्तर मॉडेलवर आहे आणि इथे लोक फसतात. आरएक्स१०० च्या मार्क ३, ४, ५ मध्ये एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळसर काच) आतच आहे, मेन्यूमधून चालू करायचा, प्रकाश आठपट कमी होतो. जी७एक्स मार्क २ मध्येही आहे. आरएक्स१०० च्या मार्क ६ आणि ७ मध्ये मात्र काढून टाकलाय, मोठं झूम बसवलं पण एनडी गेला. म्हणजे तुमच्यासाठी जुना आणि स्वस्त मार्क ३ हाच नव्या मार्क ७ पेक्षा जास्त कामाचा. ढगाळ दिवशी एफ ८, सगळ्यात कमी आयएसओ आणि एनडी चालू केला की शटर १/८ सेकंदाच्या आसपास येतं, दगडावर टेकवून दोन सेकंदांच्या टायमरवर काढा, पाणी छान ओघळतं.

मिररलेसवर या बाबतीत एक जास्तीची गोष्ट मिळते ती पोलरायझर फिल्टर, किट लेन्सला ४०.५ मिमीचा बसतो. ओल्या पानांवरची, ओल्या कातळावरची चमक तो काढून टाकतो आणि खरा हिरवा रंग दिसतो. पावसाळी सह्याद्रीत याच्याइतका फरक दुसऱ्या कुठल्या फिल्टरने पडत नाही, आणि नंतर कॉम्प्युटरवर तो परिणाम आणता येत नाही. कॉम्पॅक्टला फिल्टर लावायला चिकटवायची रिंग घ्यावी लागते, चालतं पण कटकट आहे.

आंबाघाट
कोकणातून लिहितोय म्हणून फक्त बुरशीचं सांगतो. पावसाळ्यात कॅमेरा वापरणाऱ्याला पावसाच्या थेंबांपेक्षा नंतर चार महिने बॅगेत पडून राहिलेला ओलावा जास्त नडतो. लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात आणि कोटिंग खाऊन टाकतात. ट्रेकवरून आल्यावर कॅमेरा बॅगेतून बाहेर काढून पुसून पंख्याखाली ठेवायचा, ओल्या सॅकमध्ये तसाच रात्रभर नाही. नंतर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, निळं असतं ते ओलावा शोषून गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर गरम करून परत वापरता येतं. शंभर दोनशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर डब्यात टाका, ४० ते ५० टक्के असेल तर उत्तम. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं आणि ओलावा विशेष जातही नाही.

आणि एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, ती आतूनही धरू शकते. झिपच्या पिशवीत बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या तापमानाला येऊ द्या.

माळकरी
आंबाघाट, कढईतलं सिलिका जेल ही टीप मस्त. एवढंच जोडतो की ते जेल खायच्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ती कढई परत स्वयंपाकाला घेऊ नका, त्या निळ्या रंगासाठी वापरलेलं रसायन चांगलं नसतं.

रानजाई
ठरत आलं. सेकंड हँड आरएक्स१०० मार्क ३ नाहीतर जी७एक्स मार्क २, दोन्हीपैकी जो चांगल्या अवस्थेत मिळेल तो. उरलेल्या पैशात बॅटऱ्या, डबा आणि भिगवणला भाड्याची लेन्स. मुंबईत बोरा बाजारात बघायला जाणार आहे. तिथे हातात घेतल्यावर काय काय तपासायचं?

सह्यभटक्या
मोबाईलचा टॉर्च घेऊन जा. कॅमेरा चालू करून पूर्ण झूम करा आणि लेन्समध्ये तिरका प्रकाश पाडून बघा, धागे किंवा दुधट डाग दिसला तर तिथेच परत करा, कितीही स्वस्त देत असले तरी. मग एफ ११ वर पांढऱ्या कागदाचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून चारी कोपरे बघा, आतली धूळ अशीच दिसते. लेन्स आत-बाहेर करताना करकर आवाज येतो का, वाकडी येते का ते ऐका-बघा. मार्क ३ असेल तर वरून उघडणारा व्ह्यूफाइंडर दोन-चार वेळा उघड-बंद करा, भर उन्हात गडमाथ्यावर स्क्रीन दिसत नाही तेव्हा तोच लागतो. जी७एक्स मार्क २ ला तो नाहीच, त्यामुळे दोन्ही सारख्याच अवस्थेत मिळाले तर मी सोनी घेईन. झूम १०० पर्यंत हवं असेल तर कॅनन.

दुकानदाराकडून लेखी बिल आणि निदान महिनाभराची बदलून द्यायची हमी घ्या. स्वतःचं मेमरी कार्ड न्या म्हणजे काढलेले फोटो घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघता येतील आणि मग पैसे द्यायचे की नाही ते ठरवता येईल.