नाचणी, जांभूळबी आणि व्होग्लिबोज: फिनॉलिक संयुगे गोळीची जागा घेऊ शकतात का?

प्रश्न – जिज्ञासू
जेवणानंतर चढणारी साखर आटोक्यात राहावी म्हणून माझ्या मधुमेही आईला ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या औषधाच्या जोडीने व्होग्लिबोजची गोळी चालू आहे. ही गोळी आतड्यात कर्बोदके फोडून ग्लुकोज सुटे करणाऱ्या अल्फा-ग्लुकोसिडेज या विकराला (एन्झाइमला) रोखते, असे डॉक्टरांनी सांगितले. पोट फुगते म्हणून आई ती घेण्यास कुरकुर करते. नाचणीचे टरफल, जांभळाची बी, ग्रीन टी यांतील फिनॉलिक संयुगे (वनस्पतींत आढळणारी एक प्रकारची रसायने) हेच विकर रोखतात आणि काही अर्क अकार्बोज या व्होग्लिबोजच्याच गटातील औषधापेक्षा सरस ठरले, असे वाचनात आले. मग गोळीऐवजी हेच का घेऊ नये?

उत्तर – जीवरसायन शिक्षक
‘अकार्बोजपेक्षा सरस’ असे वाचले की प्रयोगात विकर कशाचे वापरले होते, हे आधी पाहावे. स्वस्त आणि सहज मिळते म्हणून अनेक ठिकाणी यीस्टचे विकर घेतात. परंतु त्यावर अकार्बोजचा प्रभाव मुळातच क्षीण असल्याने तेथे कोणताही बरा अर्क बाजी मारतो. उंदराच्या आतड्यातील विकर घेतले की हा वरचढपणा बहुधा टिकत नाही. शिवाय अशा अर्कांतील टॅनिन ही तुरट फिनॉलिक संयुगे कोणत्याही प्रथिनाला चिकटतात, आणि विकर हेही प्रथिनच, त्यामुळे नेमके हेच विकर रोखले गेले असे म्हणणे अवघड जाते.

म्हणून सारे निराधार आहे, असे मात्र नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी 2009 मध्ये नाचणीच्या बाह्यावरणातील फिनॉलिक संयुगे अल्फा-ग्लुकोसिडेज आणि स्वादुपिंडातील, स्टार्च फोडणारे अमायलेज या दोहोंना रोखतात, असे दाखवले. ही संयुगे रक्तात फारशी शोषली जात नाहीत, ही एरवीची उणीव येथे आड येत नाही, कारण काम आतड्याच्या पोकळीतच व्हायचे असते. अडचण मात्रेची आहे: अर्कातील प्रमाण आणि एका भाकरीतील प्रमाण यांत फार अंतर असते.

उत्तर – एक डॉक्टर
पोट फुगणे हा त्याच क्रियेचा परिणाम आहे. न पचलेले कर्बोदक मोठ्या आतड्यात पोहोचते, तेथील जिवाणू ते आंबवतात आणि वायू होतो. एखादा अर्क खरोखर गोळीइतका प्रभावी असेल, तर तोही हा त्रास देईलच. गोळी परस्पर बंद करू नये. मात्रा कमी करून हळूहळू वाढवता येते, त्याबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलावे. ग्लिमेपिराइडमुळे साखर एकाएकी उतरू शकते. अशा वेळी आईंना घरातील साखर न देता ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून द्यावी, कारण साखर फोडणारे सुक्रेजही या गोळीने रोखलेले असते.

जिज्ञासू
आभारी आहे. आई रोज सकाळी घरी केलेले नाचणीसत्त्व घेते. त्यातून ही संयुगे मिळत असतील का?

जीवरसायन शिक्षक
फारच थोडी. सत्त्वासाठी नाचणी भिजवून वाटतात आणि फडक्यातून गाळतात. तांबूस चोथा फडक्यात उरतो आणि फिनॉलिक संयुगांचा मोठा भाग त्यातच जातो. खाली उतरतो तो मुख्यतः स्टार्च, आणि शिजवलेल्या पातळ लापशीतून तो लवकर पचतो. त्यापेक्षा न चाळलेल्या पिठाची भाकरी बरी. अर्थात तीही पिष्टमयच आहे, तेव्हा ती नेहमीच्या भाकरीच्या जागी खावी, वरून नव्हे, आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर आकडा पाहावा.