करावियीनच्या ग्रंथालयाविषयी थोडेसे
मोरोक्कोतील फेस येथील अल्-करावियीन विद्यापीठाचे ग्रंथालय ८५९ सालचे असल्याचे अनेकदा म्हटले जाते. ते साल खरे तर, परंपरेनुसार फातिमा अल्-फिहरी यांनी उभारलेल्या मशिदीचे आहे. ग्रंथालयाची रीतसर व्यवस्था चौदाव्या शतकाच्या मध्यास मोरोक्कोच्या मरिनी राजघराण्यातील सुलतान अबू इनान यांनी लावली. इतिहासकार इब्न खल्दून यांनी आपल्या ग्रंथाची प्रत येथील अभ्यासकांसाठी दान केली आणि ती अजूनही तिथे जपलेली आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वास्तुविशारद अझीझा शौनी यांनी अलीकडे केलेल्या जीर्णोद्धारात ओलीचा बंदोबस्त झाला आणि सुमारे ४,००० हस्तलिखितांसाठी तापमान व आर्द्रता नियंत्रित ठेवण्याची सोयही झाली. अशा संग्रहाला ओल आगीइतकीच घातक असते.