मदत हवी आहे: फायबरच्या टोकावर कोरताना आयन बीम सरकतोय

मंडळी, सिंगल-मोड फायबरच्या (प्रकाश एकाच वाटेने नेणारा काचेचा बारीक तंतू) टोकावर फोकस्ड आयन बीमने (गॅलियम धातूच्या आयनांचा, म्हणजे भारित कणांचा, बारीक झोत) बारीक जाळी कोरतोय. फायबर १२५ मायक्रॉनचा, पण प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. सगळी कसरत तेवढ्याच जागेत. काच वीज वाहून नेत नाही, त्यामुळे गॅलियम आयनांचा भार साचतो आणि बीम सरकतो. कालच्या जाळीत सुरुवातीच्या रेघा सरळ, शेवटच्या चार मात्र तिरक्या, कडा विरघळल्यासारख्या. भार वाहून जावा म्हणून सोन्याचा पातळ थर दिलाय, पण फायबरच्या बाजूने तो होल्डरपर्यंत सलग पोचत नसावा. कार्बनचा थर बरा पडेल का, की इलेक्ट्रॉन फ्लड गनच (इलेक्ट्रॉन सोडून साचलेला भार मिटवणारं उपकरण) लावावी? शिवाय काचेत रुतलेलं गॅलियम प्रकाश शोषतं, त्यावर काही उपाय? स्वतः हे काम केलेल्यांनी कृपया सांगा, बरेच दिवस इथेच अडकलोय.