प्रतिसाद : नौपाड्यात 'छोटं आयकिया' चालेल का?

वर कुणीतरी म्हटलंय की मोठ्या साखळ्यांनी आता गावाबाहेर अवाढव्य दुकानं न काढता ठाण्याच्या नौपाड्यासारख्या भर वस्तीत छोटी काढावीत. कल्पना झकास, पण तिथल्या गोखले रोडवरचं भाडं कुणाला परवडणार?

नवी मुंबईत तुर्भ्याला डिसेंबर २०२० मध्ये उघडलेलं आयकिया (फर्निचर आणि घरसामानाचं अवाढव्य दुकान) चालतं ते जागेच्या जोरावर. मांडलेल्या खोल्या बघत फिरायचं, खालच्या गोदामातून खोकी स्वतः उचलायची, गाडीत घालायची. यातलं गोदाम आणि पार्किंग काढून टाकलं की उरतं ते शोरूम, मग कपाट घरपोच मागवायचंच. डीमार्टचा स्वस्ताईचा हिशोबही बराचसा जागा स्वतःच्या मालकीची असण्यावर उभा आहे. राममारुती रोडला तशी जागा विकत घेऊन तूरडाळ स्वस्त विकून दाखवा!

अमेरिकेत वॉलमार्टने 'एक्सप्रेस' नावाची छोटी दुकानं काढून पाहिली आणि २०१६ मध्ये गुंडाळली. उलट तिथल्याच टार्गेट या दुसऱ्या साखळीची छोटी दुकानं शहरांत आणि विद्यापीठांजवळ टिकली, कारण त्यांनी माल त्या त्या वस्तीप्रमाणे निवडला. नुसतं दुकान लहान करून भागत नाही.

नौपाड्यात रीडेव्हलपमेंटमुळे तळमजला-पहिला मजला असे गाळे निघतायत खरे. पण माल उतरवायला टेम्पो उभा करायचा कुठे? जांभळी नाक्यावर सकाळी एक टेम्पो आडवा लागला की मागे रिक्षांचे हॉर्न सुरू. शिवाय किराणा आता दहा मिनिटांत दारात येतो. माझ्या मते चालली तर भांडी, चादरी, दिवे असल्या हातात घेऊन बघायच्या वस्तूंची दुकानं चालतील, तीही स्टेशनपासून चालत जाता येईल अशीच.