बाहेरच्या सरकारांना युरोपचे कायदे वाकवता येतात का?

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड
वाकवतात, आणि उजळ माथ्यानं वाकवतात. 2024 मध्ये युरोपियन युनियननं बड्या कंपन्यांसाठी कायदा केला. माल कुठून येतो, तिथं बालमजुरी आहे का, प्रदूषण होतं का, हे कंपनीनंच तपासायचं. दंडाची कमाल मर्यादा जगभरच्या उलाढालीच्या 5 टक्क्यांखाली ठेवायची नाही. त्याच डिसेंबरात कतारचे ऊर्जामंत्री म्हणाले, असा दंड लावला तर तुम्हाला गॅस बंद. ऑक्टोबर 2025 मध्ये कतार आणि अमेरिकेनं मिळून युरोपच्या राष्ट्रप्रमुखांना पत्र धाडलं. डिसेंबर 2025 मध्ये कायदा चेपला: कायदा लागू व्हायची 1000 कामगारांची अट 5000 वर गेली, कंपनीनं प्रदूषण कमी करायचा हवामान आराखडा बनवायची सक्ती उडाली.
आमच्या सोलापुरात मात्र तिकडच्या गिऱ्हाईकाची प्रश्नावली आली की सूत कुठल्या गिरणीचं, रंग कुणाचा, ओव्हरटाइमचं रजिस्टर कुठाय, सगळं निमूट भरून द्यायचं. आपल्याकडं गॅस नाही ना, मालक!

सात रस्ता वकील
पत्र गेलं आणि कायदा चेपला, म्हणून पत्रामुळं चेपला? मे 2025 मध्ये जर्मनीचे चान्सलर मेर्त्स ब्रुसेल्सला जाऊन सांगून आले की हा कायदाच रद्द करा. पाठोपाठ फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्राँही तेच बोलले. नोव्हेंबरात युरोपियन संसदेतल्या सगळ्यात मोठ्या गटानं अतिउजव्यांची मतं घेऊन बदल रेटले. मसुदा युरोपियन आयोग मांडतो, मंजुरी संसद आणि सदस्य देशांची परिषद देते. यात कतारला कुठं मत आहे? घरातलेच भांडत होते, शेजाऱ्यानं आवाज चढवला, एवढंच.

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड
मग 2012 चं विमानांचं काय? युरोपात उतरणाऱ्या आणि तिथून उडणाऱ्या प्रत्येक विमानाच्या धुरावर, अगदी मुंबई ते लंडनच्या अख्ख्या प्रवासावर, शुल्क लावायचा कायदा होता. भारतानं आपल्या विमान कंपन्यांना सांगितलं, आकडेच देऊ नका. चीननं ऑर्डरी अडवल्यात अशी ओरड खुद्द एअरबसनं केली. अमेरिकी काँग्रेसनं तर आपल्या कंपन्यांना त्यातून वाचवणारा कायदाच केला. नोव्हेंबर 2012 मध्ये आयोगानं परदेशी फेऱ्यांपुरतं घड्याळ थांबवलं, म्हणजे वसुली लांबवली. तेव्हा घरातलं कोण भांडत होतं?

सात रस्ता वकील
हे उदाहरण वजनदार आहे, मान्य. पण युरोपातल्या युरोपात उडणाऱ्या विमानांना शुल्क राहिलंच. म्हणजे कायदा मेला नाही, कुंपण आत सरकलं.

डाळिंब बागायतदार, सांगोला
तुम्ही दोघं गॅस आणि विमानातच अडकलात. भाताचं बघा. ट्रायसायक्लाझोल हे करप्यावरचं बुरशीनाशक. युरोपनं 2017 मध्ये तांदळातली त्याची मर्यादा किलोला 1 मिलिग्रॅमवरून 0.01 वर आणली. बासमतीवाले आणि आपलं सरकार मुदतवाढीसाठी मागं लागले. मिळाली नाही. आम्ही बागेत फवारणीची वही ठेवतो ती काय हौस म्हणून? अवशेष सापडला की कंटेनर परत, तिथं दिल्लीचा फोन चालत नाही. बाहेरून येणाऱ्या पोलादावरच्या युरोपच्या कार्बन कराला भारतानं किती वर्षं विरोध केला! 1 जानेवारी 2026 पासून लागू झालाच.

पूर्व भाग यंत्रमाग
ते पैसे चारायचं प्रकरण कुणी काढलं नाही बघा. डिसेंबर 2022 ला बेल्जियमच्या पोलिसांनी छापे टाकले, रोकड पकडली, युरोपियन संसदेच्या एक उपाध्यक्षा अटकेत गेल्या. संशय कतार आणि मोरोक्कोवर.

सात रस्ता वकील
दोन्ही देशांनी आरोप नाकारले, त्या बाईंनीही. शिवाय त्या पैशानं कुठला कायदा फिरला ते दाखवा, मग बोलू. मला खटकतं ते वेगळंच. तिथं लॉबी करणाऱ्या कंपन्यांसाठी नोंदवही आहे, पण परक्या देशाचा दूतावास राजनैतिक कामाच्या नावाखाली भेटीगाठी घेत असेल तर त्याला ती लागू नाही. उघड्या पत्रापेक्षा हे दार मोठं.

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड
आता कसं बोललात! सांगोलेकर, तुमचा भात माझ्याच बाजूनं साक्ष देतोय. बासमती नाही मिळाला तर युरोप उपाशी मरत नाही, गॅस नाही मिळाला तर थंडीत गारठतो. दबाव चालतो, फक्त सगळ्यांचा चालत नाही.

डाळिंब बागायतदार, सांगोला
मग गरीब देशानं गप्प बसायचं? जागतिक व्यापार संघटनेच्या नियमानं व्यापारावर परिणाम करणारा तांत्रिक नियम आणण्याआधी मसुदा सगळ्या देशांना कळवावा लागतो, हरकतींना साधारण 60 दिवस मिळतात. कापडाच्या डिजिटल पासपोर्टचे, म्हणजे मालाची माहिती मालासोबतच डिजिटल द्यायचे, नियम तिकडं शिजताहेत. त्या मसुद्यावर टॉवेल कारखानदारांनी दिल्लीला मुद्दे लिहून द्यावेत की.

पूर्व भाग यंत्रमाग
लिहिणार कोण? इथं अर्ध्या कारखान्यांत जीएसटीचं रिटर्नसुद्धा शेवटच्या दिवशी जातंय.

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड
मसुदा आला की इथंच टाका. मराठीत काय म्हणायचं ते मी सांगतो, इंग्रजी वकीलसाहेबांकडं. फी टॉवेलात.