मदत हवी आहे : पक्ष्यांच्या शिकारीसाठी परदेशी जायचंय, बंदूक न्यावी का?

मंडळी, आमच्या काकांनी परदेशात जाऊन पक्ष्यांची शिकार करायचं मनावर घेतलंय. इथं १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद, त्यामुळं घरातली बारा बोअरची डबल बॅरल दसऱ्याला पूजेपुरती बाहेर येते. नळीतनं तेलाचं फडकं फिरवायचं, हळदकुंकू लावायचं, की परत कपाटात.

इंग्लंडात फेझंटचा (रानकोंबडीसारखा पक्षी) शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. काकांचा ओढा मात्र अर्जेंटिनातल्या कोर्दोबाकडं, कारण तिथं होले पिकांवर तुटून पडतात म्हणून वर्षभर मारायला मोकळीक आहे. दिवसभर नुसते होले पाडण्यात मला काय राम वाटत नाही, पण त्यांना सांगणार कोण?

आता मुद्द्याचं. ब्रिटनला बंदूक न्यायची तर पाहुण्यासाठी वेगळं परमिट लागतं आणि त्याचा अर्ज तिथल्या यजमानानं पोलिसांकडं करायचा असतो. आपल्या बाजूनं सुरुवात कुठनं करायची? कलेक्टर ऑफिस, की आधी विमान कंपनी? मुंबईला परत उतरल्यावर कस्टमवाले कुठले कागद मागतात? तिथंच भाड्यानं घ्या म्हटलं, तर दुसऱ्याची बंदूक खांद्याला बसत नाही म्हणे.

कुणी स्वतः नेऊन आणली असेल तर प्लीज सविस्तर सांगा. शिकार योग्य की अयोग्य, यावर घरात काकू रोज बोलतीच आहे.