ड्रिलचा चक: घरीच ठोकून काढायचा की मिस्त्रीकडे न्यायचा?

छतावरचा_उद्योग

गेल्या रविवारी आयुष्यात पहिल्यांदा ड्रिल मशीनचा चक, म्हणजे भोक पाडणारं बिट धरणारं तोंड, काढून नवा बसवला. पाऊण तास लागला, त्यातला अर्धा तास नुसता घाबरण्यात गेला. आता माझं मत सांगतो, पटलं नाही तर खाली भांडा. ज्याच्या घरात ड्रिल आहे त्याला चक बदलता आलाच पाहिजे. त्यासाठी मशीन पिशवीत घालून दुकान गाठणं म्हणजे सायकलची चेन पडली म्हणून रिक्षा करणं.

माझं मशीन साधं आहे. तेरा एमएमचं, वायरचं, रिव्हर्स आणि हॅमर, म्हणजे ठोकत भोक पाडायची सोय, असलेलं. जुन्या घराच्या काळ्या दगडाच्या जोत्यात खुंट्यांसाठी भोकं पाडली आणि तिथंच चकनं राम म्हटला. जबडे तोंडाशी फाकले, चार एमएमचं बिट कितीही आवळलं तरी जागेवर फिरायचं. एका दुकानात नेलं. माणसानं हातातही न घेता सांगितलं, “चक गेला म्हणजे मशीन गेलं, नवीन घ्या.” नवीन मशीन दोन-अडीच हजारांचं, चक तीन-चारशेचा. डोकंच फिरलं.

मग घरी असं केलं. आधी प्लग काढला. चकचे जबडे पूर्ण उघडून आत बॅटरी मारली तर तळाशी एक स्क्रू दिसतो. त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवला की सुटतो. तो काढला. मग दहा एमएमच्या, एल आकाराच्या अ‍ॅलन-कीचा आखूड पाय चकमध्ये घट्ट आवळला. चक आपल्याकडे तोंड करून ठेवला, कीचा लांब पाय डावीकडे आडवा आणि त्याच्या टोकावर हातोडीचा एक ठोका, वरून खाली. दुसऱ्या ठोक्याला चक हलला. पुढं हातानंच उलटा फिरवून काढला. आहे काय त्यात?

वाइंडिंगवाला_उद्यमनगर

आहे काय ते मी सांगतो. पंचवीस वर्षं आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, भरतोय कोल्हापूरच्या उद्यमनगरात. तुमच्यासारखी घरात ठोकलेली मशीनं माझ्या टेबलावर येत्यात. सांगताना गिऱ्हाईक म्हणतंय, “काय केलं न्हाई हो, आपोआप आवाज यायला लागला.”

तुमचा ठोका चकवर पडतोय असं तुम्हाला वाटतंय. चक बसतोय स्पिंडलवर, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्यावर, स्पिंडलवर मोठा गिअर, मोठा गिअर आर्मेचरच्या टोकाच्या बारक्या पिनियन गिअरला अडकलेला. सगळा दणका त्या दोन-तीन दातांवर जातोय. एखाद्या दाताचा कोपरा उडाला तर त्या दिवशी कळत न्हाई. सहा महिन्यांनी खरखर सुरू होते.

स्पिंडलला चकच्या मागं पाना लावायला सपाट जागा असंल तर तिथं पाना लावून धरा आणि मग कीला झटका द्या. मग गिअरचा संबंधच येत न्हाई. जुन्या रॅलीवूल्फ कंपनीच्या मशीनला बघा, असली कामं पान्यावर व्हायची. आताच्या स्वस्त मशीनला ती जागाच ठेवत न्हाईत, म्हणून हातोडी आली. त्यात शहाणपण काय न्हाई, नाइलाज हाय.

थर्डइयर_मेकॅनिकल

काका, माफ करा, पण हिशेब उलटा आहे. मोटर मिनिटाला पंचवीस-तीस हजार फेरे घेते आणि स्पिंडल तीन हजारांच्या आसपास. म्हणजे गुणोत्तर साधारण दहा. स्पिंडलच्या बाजूनं हलवायला गेलं तर आर्मेचरचं जडत्व दहाच्या वर्गानं, म्हणजे शंभरपट जाणवतं. त्यामुळं झटपट ठोका दिला की स्पिंडल जागचं हलतच नाही आणि चकचे आटे सुटतात. हळूहळू जोर लावला तर आर्मेचर आरामात फिरतं आणि काहीच सुटत नाही. ठोका हवाच. दोन गिअरचं मशीन असेल तर लो गिअरमध्ये, म्हणजे कमी वेगावर, टाकायचं, म्हणजे हे गुणोत्तर आणखी वाढतं.

वाइंडिंगवाला_उद्यमनगर

बाळा, तू माझंच बोलतोयस. आर्मेचर शंभरपट जड झालं, बरोबर. ते स्पिंडलला धरून ठेवतंय, हेबी बरोबर. पण धरतंय कशानं? दातानंच की. दोरी न्हाई बांधलेली.

थर्डइयर_मेकॅनिकल

😅 हे मात्र सरांनी सांगितलं नव्हतं. पण हॅमर मोडवर दगड फोडताना बिट अडकतं तेव्हा दातांवर यापेक्षा कमी दणका बसतो का? जे दात ते सोसतात ते एक-दोन ठोके सोसतील. दहा-बारा ठोके लागत असतील तर गोष्ट वेगळी.

सुतारपक्षी

मी लाकडाचं काम करते, देव्हारे आणि खेळणी. ड्रिल दिवसभर हातात असतं. तुम्ही सगळे ठोक्यावर भांडताय आणि माझी फजिती झाली ती स्क्रूवर. तो उलट्या आट्याचा असतो हे मला माहीतच नव्हतं. नेहमीसारखा डावीकडे फिरवला, म्हणजे आवळत गेले. हलेना म्हणून पान्याचा जोर दिला आणि डोकं तुटून हातात. खालचं बूड आतच.

शेजारच्या काकांचं ड्रिल मागून आणलं, म्हणजे ड्रिल दुरुस्त करायला दुसरं ड्रिल, आणि बुडात मधोमध बारीक भोक पाडायला लागले. गंमत अशी की बिट घड्याळाच्या दिशेनंच फिरतं आणि तो स्क्रूही त्याच दिशेनं सुटतो. भोक निम्मं झालं नाही तोच बूड बिटाला चिकटून गरागरा बाहेर आलं. नशीब म्हणायचं.

म्हणून सांगते, छतावरच्या दादांनी “आहे काय त्यात” म्हणू नये. माहीत असलं तर काही नाही, नसलं तर मशीन जातं.

छतावरचा_उद्योग

ताई, मान्य. पण मी तर वर लिहिलंच आहे की उलटे आटे. आणि ते उलटे का, हे एकदा समजलं की कायमचं लक्षात राहतं. मशीन रिव्हर्समध्ये चालवलं की चक सुटू बघतो. सुटताना तो स्क्रूलाही आपल्याबरोबर त्याच दिशेनं ओढतो आणि उलट्या आट्यामुळं स्क्रू उलट आवळतो. म्हणजे तो राखणदार आहे. ज्या जुन्या मशीनला रिव्हर्सच नाही तिथं बहुधा स्क्रूही नसतो, उगाच आत शोधत बसू नका.

शिरोली_नाका

घाई करू नका. आमच्या शेडमध्ये एका पोरानं हा ठोक्याचा प्रकार मोबाईलवर बघितला आणि टेबलावर बसवलेल्या बेंच ड्रिलवर करून बघितला. वीसेक ठोके मारले. चक सुटणार कुठून? तिथं आटेच नाहीत, टेपर आहे, म्हणजे निमुळता दांडा! बहुतेक बेंच आणि पिलर ड्रिलचा चक टेपरवर नुसता दाबून बसवलेला असतो, बी-१६ वगैरे मापाच्या. तो काढायला चक आणि स्पिंडलचा खांदा यांच्यामध्ये दोन बाजूंनी दोन पाचरी घालायच्या आणि समोरासमोर ठोकायच्या. मोर्स टेपरचा आर्बर, म्हणजे स्पिंडलमध्ये घुसणारा निमुळता दांडा, असेल तर स्पिंडलच्या खाचेतून ड्रिफ्ट, म्हणजे चपटी पाचर, घालायचा, खाली लाकूड ठेवायचं, नाहीतर चक थेट पायावर. बसवताना टेपर कोरडा आणि स्वच्छ पुसायचा, जबडे आत ओढून घ्यायचे आणि लाकडी मोगरीनं एक ठोका. तेल लावलं तर दुपारपर्यंत खाली पडतो.

त्यामुळं “ज्याच्याकडे ड्रिल आहे त्यानं” हे वाक्य मला फार सैल वाटतं. कुठलं ड्रिल? रोटरी हॅमरवाल्यांनी तर हा धागा वाचूच नये. त्यांचा एसडीएस-प्लसचा प्रकारच वेगळा, बिटाला दहा एमएमची खाचेची दांडी असते. तिथं अ‍ॅडॉप्टरवर साधा चक लावता येतो, पण मग हॅमर बंद ठेवायचा.

काटा_किर्र

मुळात चक बदलायचाच कशाला भावांनो? निम्मे चक खराब नसत्यात, घाण झालेले असत्यात. भिंतीची धूळ जबड्यात जाऊन घट्ट बसते. मशीन तोंड खाली करून धरा, म्हणजे रॉकेल गिअरकडं जाणार नाही. ब्रशनं धुवा, जबडे चार-पाच वेळा आतबाहेर करा, थेंबभर तेल. लै चक जिवंत होत्यात. आणि चक आवळायची चावी त्याच मापाची वापरा. शेजाऱ्याची चावी “बसतीय की” म्हणून वापरली की चकचे दात संपले.

दुसरं, चकला तीन भोकं हायत ती शोभेला न्हाईत. तिन्ही भोकांत चावी घालून थोडं थोडं आवळायचं. एकाच भोकात आवळून “बिट फिरतंय” म्हणून रडणारे लै बघितलेत.

छतावरचा_उद्योग

धुऊन बघितला होता. जबडे तोंडाशीच फाकलेत, रॉकेल काय करणार? पण तिन्ही भोकांचं खरं. मी एकाच भोकावर दहा वर्षं काढली, आता लाज वाटते.

सुतारपक्षी

चावी विषय निघालाच आहे तर सांगा, नवा चक चावीचाच का घेतला? मी हातानं आवळायचा बसवलाय. दिवसातून चाळीस वेळा बिट बदलताना चावी शोधायची म्हणजे निम्मा दिवस त्यातच जातो.

शिरोली_नाका

लाकडाला ठीक. हॅमर मोडला हातानं आवळलेला चक धडधडीनं हळूहळू सैल होतो. स्वस्तातला प्लॅस्टिकचा तर हमखास. भिंतीवालं काम असेल तर चावीच बरी. आर्थर जेकब्सनं १९०२ साली चावीच्या चकचं पेटंट घेतलं, तेव्हापासून मुद्दा एकच आहे. दातांवरच्या फिरकीनं जेवढा जोर जबड्यांवर येतो तेवढा मुठीनं येत नाही. चावी हरवत असेल तर वायरला रबरानं बांधा, पण प्लगच्या टोकाला. म्हणजे चावी वापरायची तर आधी प्लग हातात येतो आणि तो उपटला जातो.

वाइंडिंगवाला_उद्यमनगर

ते मापाचंबी कुणीतरी सांगा, माझ्याकडं त्याचीच केस जास्ती. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंची, आट्याचा चक म्हणून घेत्यात, मशीनचं स्पिंडल असतंय बारा एमएमचं. अर्धा इंच म्हणजे १२.७ एमएम, इंचाला वीस आटे, म्हणजे पिच, दोन आट्यांमधलं अंतर, १.२७. आणि काही मशीनचं स्पिंडल बारा एमएम, पिच १.२५. पिच जवळपास सारखं, त्यामुळं चढतंय आरामात. लोक खूश. चालू केलं की बिट नाचतंय, कारण आट्यात जागाच जागा. आठवडाभरात आटे गेले. जुना चक दुकानात घेऊन जायचा, बुडावर बारीक अक्षरात १/२-२० का काय ते लिहिलेलं असतंय. दहा एमएमच्या मशीनला बऱ्याचदा ३/८-२४ असतंय. जुना चक एखाद्या बोल्टवर बसवून बघा, मगच नवीन घ्या.

थर्डइयर_मेकॅनिकल

हे सोनं आहे काका. आमच्या वर्कशॉपच्या ड्रिलचं बिट का नाचतं ते आत्ता कळलं.

काटा_किर्र

म्हणजे शेवटी काय, घरी करायचं का न्हाई? बाबूराव पेंटरांनी १९१८ ला याच गावात सिनेमाचा देशी कॅमेरा बनवला, आणि आपण चक काढायला परवानगी मागतोय.

वाइंडिंगवाला_उद्यमनगर

त्यांनी तो अ‍ॅलन-कीवर हातोडी मारून न्हाई बनवला.

आणि एक मनातलं बोलू का. ‘मशीन गेलं, नवीन घ्या’ म्हणणारा तो दुकानदार चुकलाच. पण तसं बोलायची वेळ का येते बघा. चक काढून, गिअर बघून, ग्रीस बदलून दोनशे मागितले तर गिऱ्हाईक म्हणतंय, मोबाईलवर तर दोन मिनिटात निघतोय. मग माणूस नवंच विकतोय. मी अजून न्हाई विकत, पण पोरगा म्हणतोय विका.

छतावरचा_उद्योग

मिस्त्री, मी तुमच्या पोटावर पाय द्यायला नाही लिहिलं हो. तुमच्यासारखा भेटला असता तर हा धागाच निघाला नसता. पण तुम्ही सगळ्यांना सापडत नाही. गडहिंग्लजकडच्या माणसानं चकसाठी उद्यमनगर गाठायचं का?

वाइंडिंगवाला_उद्यमनगर

त्यानं घरीच करावं. पण दोन ठोक्यात सुटला न्हाई तर थांबावं. स्क्रूला लॉकिंगचं औषध लावलेलं असलं तर हेअर ड्रायरनं गरम करावा. आणि मशीन रिव्हर्सला चालू करून की टेबलावर आदळायची तो प्रकार तर अजिबात नको. मनगट मोडलेला एक गिऱ्हाईक आलेला माझ्याकडं, दुसऱ्या हातात मशीन घेऊन.

तुमचं मशीन हाय का आत्ता जवळ? प्लग काढा. लो गिअर असला तर तो टाका. चक हातानं एकदम हळू एक पूर्ण फेरा फिरवा. एखाद्या ठरावीक जागी अडतंय का बघा.

छतावरचा_उद्योग

आलो फिरवून. एका जागी किंचित ‘टक’ होतं. प्रत्येक फेऱ्याला, त्याच जागी.

पण ते ठोक्याआधीपासून असेल तर? दगडात भोकं पाडतानाच गेलं असेल.

वाइंडिंगवाला_उद्यमनगर

असंल की. आणा, उघडून बघू. उघडायचे पैसे न्हाई घेत.

सुतारपक्षी

दाताचा फोटो इथं टाका, जुना तुटलाय की ताजा ते रंगावरून कळेल. ताजा असला तर छतावरच्या दादांकडून सगळ्यांना मिसळ.

छतावरचा_उद्योग

आणि जुना असला तर?

वाइंडिंगवाला_उद्यमनगर

तर तुम्ही जिंकला. ग्रीसचे साठ रुपये तेवढे द्या.